टिटवी काय ओरडते आणि बैल का थांबतो: मुलांच्या गोष्टीतले बोलणारे प्राणी

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी विचारलं आहे: पहिली ते चौथीच्या मुलांना बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी इतक्या का आवडतात? मग त्यांनी स्वतः लिहिलेल्या ससा-कोल्ह्याच्या गोष्टी मुलं मुकाट्यानं ऐकून घेतात, पण 'पुन्हा सांगा' म्हणून मागत का नाहीत? आणि या प्राण्यांनी पुस्तकी मराठीत बोलावं की अहिराणीत, म्हणजे खानदेशातल्या घरच्या बोलीत?

सर, तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. बोलणारा प्राणी एकाच वेळी दोन असतो, म्हणून तो मुलाला आवडतो. तो मुलासारखा हट्ट करतो, घाबरतो, थापा मारतो. त्याच वेळी त्याला शेपूट असते, तो पाला खातो, उलटा लटकून झोपतो. मुलाचं मन या दोन्हींमध्ये झोके घेतं आणि त्या झोक्यातच सगळी मजा असते. यातली एक बाजू लंगडी पडली की झोका थांबतो. हौसेनं लिहिलेल्या बहुतेक गोष्टींत लंगडी पडते ती प्राण्याची बाजू. ससा नावाचा एक शहाणा मुलगा आणि कोल्हा नावाचा एक वात्रट मुलगा, एवढंच शिल्लक राहतं.

तपासायची रीत सोपी आहे. तुमच्या गोष्टीत सशाच्या जागी 'राजू' आणि कोल्ह्याच्या जागी 'संजू' लिहा आणि मोठ्यानं वाचा. एकही वाक्य अडखळलं नाही, तर त्या गोष्टीत प्राणी नव्हताच. 'राजूनं कान टवकारले', 'राजू बिळात शिरला' अशी निदान पाच-सहा वाक्यं अडली पाहिजेत, आणि त्यातलं एक तरी असं हवं की ते काढलं तर गोष्टच पुढे सरकणार नाही.

आता आवडीच्या कारणांकडे. पहिलं कारण माणसाच्या स्वभावातच आहे. हलणाऱ्या वस्तूत आपण मन शोधतो. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरताना दाखवणारी छोटी चित्रफीत मोठ्या माणसांना दाखवली आणि काय दिसलं ते सांगायला लावलं. जवळपास सगळ्यांनी गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरतं, छोटा त्रिकोण त्याला सोडवतो. जिथे त्रिकोणाचं असं होतं, तिथे डोळे, तोंड आणि पिलं असलेल्या बकरीचं का होणार नाही? लहान मूल तर पाय ठेचला की उंबऱ्यालाच चापट मारतं. त्याला बोलणारी बकरी पटवून द्यावी लागत नाही.

दुसरं कारण आपल्या गावांत फार महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. गोष्टीतल्या मुलाला नाव दिलं की गावातलं पोर लगेच विचारतं, कोणाचा? आडनाव आलं की जात आली, गल्ली आली, घर पत्र्याचं की स्लॅबचं तेही आलं. वर्गातल्या निम्म्या मुलांना तिथेच वाटतं की हा आपल्यातला नाही. खारीला आडनाव नसतं. ती कोणत्याही गल्लीतली असू शकते. शाळेत न जाणारी, मार न खाणारी, चपलेवाचून फिरणारी, आणि तरीही घाबरट. ज्या वर्गात पावरा, भिल, पाटील, कोळी अशा सगळ्या घरांतली मुलं एका सतरंजीवर बसतात, तिथे खार सगळ्यांना सारखी मिळते. हे माणसाच्या पात्राला साधणं फार कठीण.

तिसरं कारण म्हणजे अंतर. मरण, उपास, आईबाप दूर जाणं, मार या गोष्टी मुलाच्या आयुष्यात असतात, पण थेट बोलल्या तर मूल मिटतं. नंदुरबार-धुळ्याकडची, चाळीसगावकडची कित्येक घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. वर्गातल्या जागा रिकाम्या होतात. त्याच सुमारास भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरायला लागतात. परत आलेला चक्रवाक आपल्या ओळखीच्या काठावर येतो आणि गेल्या वर्षी बकऱ्या चारणारी पोरगी त्याला दिसत नाही. एवढ्या एका प्रसंगात त्या रिकाम्या जागेबद्दल बोलता येतं, कोणाचंही नाव न घेता.

आणि चौथं, हसू. म्हैस पाण्याला घाबरते म्हटलं की पारोळ्याचं पोर खदाखदा हसतं, कारण म्हैस डबक्यातून उठवताना काय घाम फुटतो ते त्याला ठाऊक असतं. पेंग्विन थंडीला घाबरतो म्हटलं तर ते नुसतं ऐकून घेईल. विनोद चालायला मुलाला तो प्राणी आधी माहीत हवा. म्हणून मी म्हणतो, पहिल्या दहा गोष्टींची पात्रं शिवारातलीच घ्या: बकरी, म्हैस, बैल, खार, मुंगूस, टिटवी, सुगरण, वानर, रानडुक्कर. सारंगखेड्याकडच्या शाळेत घोडाही चालेल, तिथल्या मुलांनी यात्रेत घोडे बघितलेले असतात. सातपुड्याच्या पायथ्याला अस्वल चालेल, कारण मोहाची फुलं खायला ते कसं येतं हे घरोघरी माहीत आहे. सिंह मात्र जपून घ्या. तो पंचतंत्रातून आपल्या गोष्टींत आला आणि राजा होऊन बसला, पण सातपुड्यात सिंह नाही, आणि 'जंगलाचा राजा दरबार भरवतो' ही सुरुवात मुलांनी इतक्यांदा ऐकलेली असते की दुसऱ्या वाक्याला त्यांचं लक्ष खिडकीबाहेर जातं.

इथे एक इशारा. प्राणी वापरले की संस्कार आपोआप होतात, ही समजूत चुकीची आहे. टोरांटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वाटून घेण्याची एकच गोष्ट काही मुलांना माणसांच्या चित्रांसह वाचून दाखवली, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांच्या चित्रांसह. नंतर मुलांनी आपले स्टिकर दुसऱ्यांना किती दिले ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचं देणं वाढलं, प्राण्यांची ऐकलेल्यांचं वाढलं नाही. त्याआधी २०१४ मध्ये याच गटातल्या पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की प्राण्यांबद्दल माणसासारख्या भाषेत लिहिलेली पुस्तकं वाचून दाखवली की मुलं खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवतात आणि खरी माहिती कमी उचलतात. याचा सरळ अर्थ: 'डबा वाटून खावा' हे शिकवायचं असेल तर माणसांचीच गोष्ट सांगा. सशाला मध्ये घालू नका. परिसर अभ्यासाचा धडा शिकवायचा असेल तर प्राण्याला बोलायला न लावता त्याचं वागणं सांगा. बोलणारा प्राणी राखून ठेवा तो आनंदासाठी, भीतीवर हात फिरवण्यासाठी, भाषेसाठी. ही कामं लहान नाहीत.

मग चांगली गोष्ट कशी होते? प्राण्याच्या अंगातून गोष्ट निघाली पाहिजे. जळगावहून साठ-एक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या १७ व्या लेण्यात महाकपी जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या एका गोष्टीचं, चित्र आहे. वानरांचा राजा आपल्या कळपाला नदीपार काढायला वेताची दोरी कमरेला बांधून उडी मारतो. पण लांबी मोजताना कमरेला गुंडाळलेला भाग धरायचा राहिलेला असतो. दोरी तेवढीच कमी पडते. मग तो पलीकडची फांदी हातांनी धरतो आणि उरलेल्या अंतराचा पूल स्वतःच्या पाठीचा करतो. कळप त्याच्या पाठीवरून जातो. यात उपदेशाचं एक वाक्य नाही. लांब हात, लवचिक पाठ, फांदी धरायची सवय, एवढ्यावर गोष्ट उभी आहे. राजाच्या जागी माणूस घाला, गोष्ट कोसळते. सहल अजिंठ्याला जाणार असेल तर याच चित्रासमोर मुलांना दहा मिनिटं बसवा.

आता हेच आपल्या शिवारात करून बघू. पात्र घेऊ टिटवी. पंचतंत्रात ती समुद्राशी भांडते, ज्ञानेश्वरीत समुद्र मोजायला निघालेल्या टिटवीचा दाखला येतो, म्हणजे मराठीला ती जुनी ओळखीची आहे. पण लिहायला बसण्याआधी पुस्तक बाजूला ठेवा आणि मुलांना घेऊन पंधरा मिनिटं शेताच्या बांधावर बसा. घरट्याजवळ जायचं नाही, लांबूनच बघायचं. जे दिसेल ते वहीत लिहायचं, निदान दहा गोष्टी. टिटवीबद्दल साधारण अशी यादी होते: झाडावर बसत नाही. अंडी उघड्या जमिनीवर, आजूबाजूला चार खडे, बाकी घरटं असं काही नाही. अंडी बहुधा चार, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची, दोन पावलांवरून दिसत नाहीत. नर-मादी दोघं आळीपाळीनं बसतात. कोणी जवळ आलं की अंड्यांपासून लांब पळून तिथून कल्ला करते, म्हणजे बघणारा भलतीकडेच शोधत राहतो. रात्रीही ओरडते. भर उन्हात पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. पिलं अंड्यातून निघाल्यावर लवकरच पळायला लागतात. डोळ्यापुढे लाल कातडीची झालर. लांब पिवळे पाय.

या दहातल्या तीनच गोष्टी उचला. सगळ्या घातल्या की धडा होतो. मी उचलेन: मातीसारखी अंडी, भलतीकडे ओरडणं आणि ओलं पोट.

त्यानंतर नियम ठरवा. हे काम बरेच लेखक करत नाहीत आणि मग गोष्ट मध्येच खोटी पडते. पाच प्रश्नांची उत्तरं आधी वहीत लिहून ठेवा. प्राणी एकमेकांशी बोलतात का? माणसांशी बोलतात का? कपडे, भांडी, पैसे आहेत का? कोण कोणाला खातं? मरण आहे का? उत्तर काहीही असू दे, शेवटपर्यंत तेच राहिलं पाहिजे. पहिल्या पानावर शेतकऱ्याला टिटवीचं बोलणं कळत नाही आणि पाचव्या पानावर सोयीचं म्हणून कळलं, तर दुसरीतलं पोरही ओरडतं, 'ओ सर, मघाशी तर कळत नव्हतं!' आपल्या गोष्टीचा नियम: प्राण्यांना एकमेकांचं कळतं, माणसाला फक्त ओरडणं ऐकू येतं. कपडे नाहीत, पैसे नाहीत.

या नियमानंच गोष्ट उभी राहते, बघा. वैशाख संपत आलाय. पारा पंचेचाळीसला टेकलेला. टिटवीची चार अंडी काळ्या रानात ढेकळांच्या मधोमध. पेरणीआधीची वखरणी सुरू झाली आहे आणि वखर ओळ धरून पुढे पुढे येतोय. टिटवी जीव तोडून ओरडते. मालकाला ते नुसतं 'टिटिव टिव' ऐकू येतं. बैलाला सगळं कळतं, पण त्याला हात नाहीत, त्याचं बोलणं मालकाला कळत नाही, आणि तो जुवाला बांधलेला आहे. मग बैल काय करू शकतो? थांबू शकतो. तेवढंच.

इथे वाचन थांबवा आणि पुस्तक मिटून मुलांना विचारा, आता बैलानं काय करावं? 'मालकाला सांगेल' असं एखादा म्हणेल, लगेच दुसरा त्याला अडवेल. बोलता न येणाऱ्याच्या जागी मूल स्वतःला ठेवून बघतं ते याच क्षणी. गोष्टीचं बियाणं इथे पडतं.

संवाद लिहिताना तोंडातून शब्द कसे निघतील ते त्या प्राण्याच्या अंगावरून ठरवा. टिटवी तोडून तोडून, दोनदा दोनदा बोलेल. म्हैस रवंथ करता करता बोलेल, म्हणून तिचं वाक्य मध्ये मध्ये थांबेल. असं:

“मावशी, सरक! सरक! पोट भिजवू दे!”
म्हशीनं डोळे उघडले नाहीत. “डबकं... माझं एकटीचं... आहे का? ये की.”
“येते! येते! पण अंडी उघडी पडली!”
“मग... जा की.”
“जाऊ कशी? पोट कोरडं आहे!”
म्हशीनं घास इकडून तिकडे केला. मग शेपटी उचलली आणि पाण्यात आपटली. फटॅक! टिटवी डोक्यापासून नखांपर्यंत भिजली.
“आता... जा,” म्हैस म्हणाली.

यात 'म्हैस दयाळू होती' असं कुठे लिहिलेलं नाही. शेपटीनं ते काम केलं. 'दयाळू', 'हुशार', 'आळशी', 'लबाड' ही विशेषणं पहिल्या खर्ड्यात येऊ द्या, दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकावर गोल करा आणि त्या जागी अवयवाचं काम लिहा.

'म्हणाला, म्हणाली' याचाही कंटाळा येतो. आपल्या भाषेत प्रत्येक प्राण्याच्या आवाजाला क्रियापद आहे आणि शहरातली मुलं ती विसरत चालली आहेत, गावातली अजून नाहीत. गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, बकरी बेंबटते, कबुतर घुमतं, साप फुत्कारतो, कोल्ह्याची कुई असते. दर चार-पाच संवादांमागे एकदा असं क्रियापद ठेवा. प्रत्येक ओळीला ठेवलं तर शब्दकोश वाचल्यासारखं होतं.

नावांबद्दल. चिंटू ससा, पिंकी खार ही नावं टाळा. ती कुठल्याही प्राण्याला चिकटतात, म्हणजे कोणालाच चिकटत नाहीत. पंचतंत्रात नावं अंगावरून पडली आहेत: पिवळसर तांबूस सिंह पिंगलक, ठिपक्यांच्या मानेचा कबूतरराजा चित्रग्रीव, हळू चालणारा कासव मंथरक, हलकं उडणारा कावळा लघुपतनक. ही रीत आजही चालते. एक शिंग मोडलेली म्हैस 'एकशिंगी', पांढऱ्या कानाची बकरी 'कानी'. त्याहून सोपी आपली नात्याची रीत आहे: चिऊताई, खारूताई, वाघोबा, कोल्होबा, मनीमाऊ. 'ताई' लावली की प्राणी घरातला होतो, 'बा' लावला की मोठा आणि थोडा भीतीचा. वाघाला 'वाघोबा' म्हणताना त्याला मान दिला की तो आपल्याला सोडेल, असा जुना धाक त्यात आहे. हे सगळं मुलाला न सांगता कळतं. फक्त एकाच गोष्टीत तीन ताया आणि दोन दादा झाले की गोंधळ होतो. एकाला नातं, एकाला अंगावरचं नाव, एकाला नुसतं 'म्हैस', असं ठेवा.

मराठीत लिंगाची एक अडचण आहे, ती नीट पाहा. खार, चिमणी, मुंगी, टिटवी या 'ती'. कोल्हा, कावळा, बैल, ससा हे 'तो'. मांजर, माकड, वासरू 'ते'. याचा परिणाम असा होतो की पराक्रम करणारे सगळे 'तो' आणि घर सांभाळणाऱ्या सगळ्या 'ती'. पोरींच्या लक्षात हे येतं, त्या बोलत नाहीत एवढंच. टिटवीच्या गोष्टीत धाडस 'ती'च्या वाट्याला आलं आहे, ते तसंच ठेवा, आणि आळीपाळीनं अंड्यांवर बसणारा नरही एकदा दाखवा. खराच बसतो तो. सुगरणीचंही असंच. आपण 'ती' म्हणतो, बहिणाबाईंनीही तिला आईच म्हटलं, पण खोपा विणतो तो नर. हे कवितेच्या तासाला सांगायची गरज नाही, गोष्ट लिहिताना मात्र वापरता येतं: अर्धा खोपा विणून झाल्यावर मादी येऊन बघते आणि नापसंत करून उडून जाते, यात केवढा विनोद आहे.

खलनायकाची निवड हा जबाबदारीचा भाग आहे. साप, घुबड, तरस, वटवाघूळ यांना दुष्ट करणं सगळ्यात सोपं असतं, आणि ती गोष्ट ऐकणारी मुलं शेतात राहतात. गव्हाणी घुबड उंदरं खातं, धामणही खाते, आणि दोन्ही अपशकुन किंवा भीती म्हणून मारली जातात. तुमच्या गोष्टीनं त्यात भर घालू नये. खलनायक हवाच असेल तर ऊन, तहान, वणवा, घाई हे घ्या. वखर घेतलात तरी मालकाला दुष्ट करू नका. त्याला ढेकळातली अंडी दिसत नाहीत, इतकंच पुरतं. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच वाईट: बिबट्या, अस्वल, रानडुक्कर यांना गळ्यात हात घालणारे मित्र करणं. चाळीसगाव तालुक्यात २०१७ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. अशा भागात बिबट्या बोलू दे, पण लांबून, उसातून किंवा केळीच्या बागेतून, आणि माणसाच्या पोरानं त्याच्याजवळ जाऊ नये.

बकरी आणि कोंबडी बोलायला लागली की एक प्रश्न हमखास येतो: 'मग आपण तिला का कापतो?' सहा वर्षांखालच्या वर्गात तो झेलायची तयारी नसेल तर त्या दिवशी बकरी घेऊ नका. तयारी असेल तर खरं सांगा, गोष्टीतली बकरी बोलते, खरी बोलत नाही, आणि घरोघरचे लोक वेगवेगळं खातात. लपवाछपवी मुलांना चटकन कळते.

लांबीचा अंदाज: अंगणवाडी आणि पहिलीला ऐकवायची गोष्ट २०० ते ३०० शब्द, दोन-तीन पात्रं, एक पालुपद तीन-चार वेळा. उंदराच्या टोपीच्या गोष्टीतलं 'ढुम ढुम ढुमाक' आठवा, किंवा चिऊताईचं 'थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे'. मूल पालुपदाची वाट बघत असतं, आणि प्रत्येक वेळी परिस्थिती थोडी बदललेली हवी, नाहीतर ते नुसतं रटाळ पाठांतर होतं. दुसरी-तिसरीला ५०० ते ८०० शब्द. चौथीला हजाराच्या पुढे गेलं तरी चालतं, पण पात्रं पाचांवर नकोत. मुलांनी स्वतः वाचायची असेल तर पहिलीसाठी वाक्य पाच-सहा शब्दांचं आणि जोडाक्षर शक्यतो नको: टिटवी, बैल, बगळा, बकरी, घार चालतात. म्हैस आणि कोल्हा दुसरीसाठी ठेवा. चित्रांसह १६ पानी पुस्तिका करायची असेल तर एका पानावर २५ ते ४० शब्दांवर जाऊ नका, आणि चित्र सांगतं ते शब्दात पुन्हा सांगू नका. चित्रकाराला एकच विनंती करा, सगळ्या प्राण्यांना मोठं डोकं, मोठे डोळे, गोबरे गाल नकोत. गोंडस वाटण्यामागची ही घडण प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड लोरेन्झनं १९४३ मध्येच मांडली, ती पिलांना शोभते. म्हातारी म्हैस म्हातारीच दिसू दे.

साचे सगळे टाकून देऊ नका. कोल्हा लबाड, मुंगी कष्टाळू, हे आधीच माहीत असल्यानं २५० शब्दांच्या गोष्टीत ओळख करून देण्यातले चाळीस शब्द वाचतात. एकच पात्र साच्याबाहेर काढा, बाकीची साच्यात राहू द्या.

गोष्ट पक्की झाली का, हे आठ-दहा मुलांपुढे वाचून कळतं. वाचताना एका सहकाऱ्याला मुलांकडे बघायला सांगा, आणि जिथे दोन-तीन माना वळल्या तिथे त्यानं पेन्सिलीनं खूण करावी. त्या खुणेच्या आधीची दोन वाक्यं बहुधा फालतू निघतात. दोन दिवसांनी एका मुलाला तीच गोष्ट दुसऱ्या वर्गात सांगायला लावा. त्यानं जे गाळलं ते तुम्हीही गाळा. त्यानं पालुपद बदललं असेल तर त्याचंच ठेवा, ते जिभेला सोपं असतं. वाचताना प्रत्येक प्राण्याला चिरका आवाज काढण्यापेक्षा वेग बदला: म्हैस सावकाश, टिटवी भरभर. आणि शेवटी 'यावरून काय शिकलो?' विचारू नका. गोष्ट मागितली न जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हा प्रश्न आहे. मुलाला कळतं की गोष्ट हे आमिष होतं.

शेवटी अहिराणीचं. निवेदन सोप्या मराठीत आणि प्राण्यांचं बोलणं घरच्या बोलीत, ही जोडी पहिली-दुसरीला उत्तम बसते. मुलाला निवेदनातून पुस्तकाची भाषा मिळते आणि संवादातून घर. टिटवी भलतीकडे पळत ओरडते, “टिटिव टिव! आठे काय शे? काहीच नै!” आणि सगळ्या वर्गाला माहीत असतं की अंडी कुठे आहेत. फक्त एक पथ्य पाळा: गावंढळ, भोळं पात्र अहिराणीत आणि शहाणं पात्र पुस्तकी मराठीत, असं चुकूनही करू नका. बोलायचं तर सगळ्यांनी, शहाण्यानंही. लेखन जसं कानाला येतं तसं करा, पण एक शब्द सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा, 'नै' असेल तर पुढे 'नई' नको. रावेर-यावलकडच्या वर्गात हेच लेवा गणबोलीत करा. वर्गात पावरी बोलणारी मुलं असतील तर तुम्ही अंदाजानं लिहू नका, त्यांनाच विचारा की तुमच्याकडची टिटवी काय ओरडते. प्रत्येक घरची टिटवी वेगळं ओरडेल. जितकी येतील तितकी सगळी फळ्यावर लिहा, मग पुढचं पान उलटा.